खेळयंत्रातले गाणे आणि ‘मुख्य उपयोगा’चा आग्रह

एखादी वस्तू कशासाठी आहे हे कोण ठरवतो? ती घडवणारा, विकणारा की वापरणारा? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत शोधायचा की वाचकाच्या प्रतिसादात, या वादावर आपण वर्गात तासच्या तास घालवले आहेत आणि परीक्षेत त्यावर पंधरा-पंधरा गुणांचे प्रश्नही विचारले आहेत. मात्र हाच प्रश्न रोजच्या वापरातल्या यंत्रांविषयी निघाला की आपण कमालीचे सनातनी होतो. यंत्राचा एक ‘मुख्य उपयोग’ असतो आणि बाकीचे सारे उपयोग दुय्यम, फावल्या वेळेचे किंवा चक्क चुकीचे असतात, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची तपासणी एका लहानशा आणि समीक्षेच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य राहिलेल्या उदाहरणावरून करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे उदाहरण म्हणजे हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर, म्हणजे गेमिंग कन्सोलवर, गाणी ऐकणे.

सोनी कंपनीचा ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ ऊर्फ पीएसपी १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि मार्च २००५मध्ये अमेरिकेत. खेळ हे त्याचे मुख्य काम. पण त्याच्या कडेला ‘मेमरी स्टिक ड्युओ’ नावाच्या लहानशा पट्टीसाठी एक खाच होती. यंत्र तारेने संगणकाला जोडावे, त्या पट्टीवरच्या ‘म्युझिक’ नावाच्या कप्प्यात आपल्याजवळच्या एमपी-थ्री फाइली टाकाव्यात आणि हेडफोन लावून निघावे, इतके ते सोपे होते. पडदा विझवून, कळा कुलूपबंद करून यंत्र खिशात टाकले तरी गाणे चालू राही. सुरुवातीला यंत्राबरोबर मिळणारी पट्टी ३२ मेगाबाइटची होती. सेकंदाला १२८ किलोबिट या तेव्हाच्या प्रचलित दर्जाने हिशोब केला तर तिच्यावर जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत मावते. मोठी पट्टी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागे. त्या काळातल्या तज्ज्ञ परीक्षकांचा अभिप्राय साधारणपणे असा असे की, यावर गाणी ऐकता येतात हे ठीक, पण खऱ्या संगीतयंत्राची सर याला नाही. माझ्या मते या ‘पण’मध्येच खरी गोम आहे.

‘खरे संगीतयंत्र’ म्हणजे काय? या प्रकारच्या साऱ्या यंत्रांचा मूळपुरुष मानला जाणारा सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. तो आला कोठून? सोनीचाच ‘प्रेसमन’ नावाचा एक छोटा ध्वनिमुद्रक होता. नावाप्रमाणेच तो वार्ताहरांच्या कामाचा, मुलाखती टिपण्यासाठी बनवलेला. त्यातला ध्वनिमुद्रणाचा भाग काढला, स्टिरिओ ऐकवण्याची सोय घातली, हलका हेडफोन जोडला आणि वॉकमन सिद्ध झाला. ज्यात काही मुद्रितच करता येत नाही असे टेपयंत्र घेणार कोण, अशी शंका त्या वेळी खुद्द कंपनीतही अनेकांना होती. म्हणजे ज्याला आपण आज संगीतयंत्राचा आदर्श नमुना मानतो, तोच मुळात दुसऱ्या यंत्राच्या ‘गैरवापरा’तून जन्मला आहे. पत्रकाराच्या वहीवर एखाद्याने कविता लिहावी आणि पुढे त्या वहीलाच कवितेची वही म्हणावे, तसा हा प्रकार.

खेळयंत्राची वंशावळही याहून निराळी नाही. निन्टेंडो कंपनीचे अभिकल्पक गुनपेई योकोई यांना रेल्वेप्रवासात एक गृहस्थ कंटाळा घालवण्यासाठी खिशातल्या गणकयंत्राच्या कळांशी चाळा करताना दिसले आणि त्यातून १९८०च्या ‘गेम अँड वॉच’ या खेळमालिकेची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्या मालिकेत गणकयंत्रातलाच द्रवस्फटिक पडदा वापरला होता. जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा आडव्या दिशेने विचार करावा, हे योकोईंच्या कामाचे सूत्रच होते. सारांश, एका यंत्राचा जन्म वार्ताहराच्या ध्वनिमुद्रकातून झाला, दुसऱ्याचा गणकयंत्राच्या पडद्यातून. अशा दोन घराण्यांची सोयरीक जुळली तर त्यात कुलाचाराचा भंग झाला असे म्हणायचा अधिकार नेमका कोणाला आहे?

ही सोयरीक पीएसपीच्या आधीच सुरू झाली होती, आणि ऐकण्यापेक्षा वाजवण्याच्या अंगाने झाली होती, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. निन्टेंडोचा ‘गेम बॉय’ १९८९चा. त्याच्या ध्वनिव्यवस्थेत अवघे चार प्रवाह होते : दोन चौकोनी तरंगांचे, एक बदलता येण्याजोग्या तरंगाचा आणि एक खरखरीचा. अंगच्या भोंग्यातून एकेरी आवाज येई, हेडफोन लावला की डावा-उजवा भेद ऐकू येई. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर जर्मनीतील ऑलिव्हर विटखोव यांनी १९९८मध्ये ‘नॅनोलूप’ आणि स्वीडनमधील योहान कोटलिन्स्की यांनी २०००मध्ये ‘लिटल साउंड डीजे’ ही संगीतरचनेची साधने तयार केली. खेळाच्या खाचेत खेळाऐवजी हे साधन बसवायचे आणि खेळण्याच्या त्याच चार-सहा कळांनी स्वर आणि ठेके रचायचे. त्यातून ‘चिपट्यून’ या नावाने ओळखला जाणारा संगीतप्रकार भरभराटीला आला आणि गेम बॉय हातात घेऊन कलावंत रंगमंचावर उभे राहू लागले. वाचक लिहिता झाला की आपण साहित्याच्या वर्गात केवढा आनंद व्यक्त करतो! येथे खेळणारा वादक झाला, परंतु आपल्या संस्कृतिविचारात त्याची साधी नोंदही नाही.

आता या युक्तिवादावर घेण्याजोगे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. हितोपदेशातल्या धोब्याच्या गाढवाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. कुत्र्याने भुंकायचे काम केले नाही म्हणून गाढवाने ओरडून मालकाला उठवले आणि बिचाऱ्याने मार खाल्ला. ज्याचे काम त्यानेच करावे, हे तिचे तात्पर्य. पहिला पीएसपी बॅटरीसह सुमारे २८० ग्रॅमचा होता. २००५च्या आयपॉड नॅनोचे वजन याच्या सहाव्या हिश्श्याएवढेही नव्हते. गाण्यासाठी एवढे धूड कोण बाळगील? शिवाय बॅटरी गाण्यात संपली तर खेळाचे काय? हा आक्षेप खोटा नाही. पण तो कोणाच्या तोंडी शोभतो हे पाहिले पाहिजे. प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र घेणे ज्याला परवडते त्याच्याच तोंडी. अमेरिकेत पीएसपीची आरंभीची किंमत २४९ डॉलर ९९ सेंट होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या ३० गिगाबाइटच्या आयपॉडची २९९ डॉलर. दोन्ही घेणारी मुले जगात असतील. परंतु बहुतेक मुलांच्या वाट्याला, झालेच तर, एक यंत्र येते, तेही वाढदिवसाला किंवा थोरल्या भावंडाचे जुने झाले म्हणून. ज्याच्याकडे एकच वस्तू आहे त्याच्या लेखी तिचे मुख्य आणि दुय्यम असे उपयोग नसतात. तिच्यात जेवढे शक्य आहे तेवढे सारे उपयोग असतात. वस्तूंचे एककार्यत्व हा सुबत्तेचा शिष्टाचार आहे. त्याला तंत्रज्ञानाचा नियम समजणे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. गाणी ऐकण्याची सोय कंपनीनेच तर दिली होती. सोनीचे केन कुतारागी यांनी यंत्र बाजारात येण्यापूर्वीच त्याला एकविसाव्या शतकाचा वॉकमन म्हटले होते. मग यात वापरणाऱ्याचे कर्तृत्व कोणते? याचे उत्तर कंपनीला काय विकायचे होते आणि लोकांनी काय वापरले, यांतल्या अंतरात सापडते. पीएसपीला दोन दारे होती. एक ‘यूएमडी’ नावाच्या चकतीचे. तिच्यावर कंपनीकडून खेळ आणि चित्रपट भरून येत; वापरणाऱ्याला तिच्यावर स्वतःचे काहीही लिहिता येत नसे. दुसरे दार मेमरी स्टिकचे. त्यातून वापरणारा आपल्याजवळचे काहीही आत नेऊ शके. पहिल्या दारावर मोठा गाजावाजा झाला, पण यूएमडीवरचे चित्रपट लवकरच मंदावले आणि २००६मध्येच चित्रपट-कंपन्यांनी त्यांतून अंग काढून घ्यायला सुरुवात केली. दुसरे दार मात्र अखेरपर्यंत वापरात राहिले. ज्या सोनीने आपल्या डिजिटल वॉकमनमध्ये वर्षानुवर्षे ‘ॲट्रॅक’ या स्वतःच्या फाइल-स्वरूपाचा हट्ट धरला, तिच्याच खेळयंत्राने मात्र पहिल्या दिवसापासून सर्वसामान्य एमपी-थ्री मुकाट्याने स्वीकारली, हा योगायोगही नमूद करण्याजोगा आहे.

निर्मात्याने ठरवून केलेला संयोग आणि वापरणाऱ्याने गरजेतून घडवलेला संयोग यांत किती फरक असतो, हे नोकियाच्या ‘एन-गेज’ने दाखवून दिले. ऑक्टोबर २००३मधले हे यंत्र फोन, खेळयंत्र, रेडिओ आणि संगीतयंत्र असे सारे काही होते. मात्र खेळाचे कार्ड बदलायचे तर आधी बॅटरी काढावी लागे आणि बोलायचे तर यंत्राची कड कानाला लावावी लागे. ते लोकांच्या पचनी पडले नाही. पुढच्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीत कार्डाची अडचण दूर झाली, पण त्याबरोबर रेडिओ आणि एमपी-थ्री ऐकण्याची सोयही काढून टाकण्यात आली. ‘सर्व काही’ देणाऱ्याने पहिल्या काटकसरीत गाण्यावरच पाणी सोडले. दुय्यम ठरवलेल्या गोष्टींचे हेच होते. अभ्यासक्रमात तासिका कमी पडल्या की कोणता घटक आधी वगळला जातो, हे आपण जाणतोच.

निन्टेंडोची वाट वेगळी आणि काहीशी मिश्कील होती. २००३च्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स एसपी’ला हेडफोनची सरळ खाचच नव्हती, चार्जरच्या जागी एक वेगळा जोड बसवावा लागे. तरी २००५मध्ये जपानात याच यंत्रासाठी ‘प्ले-यान’ नावाची एक कुपी निघाली, जिच्यात एसडी कार्ड सारून गाणी आणि चलच्चित्रे पाहता-ऐकता येत. नंतर १ नोव्हेंबर २००८ रोजी जपानात आलेल्या ‘डीएसआय’मध्ये संगीताची सोय अंगभूत झाली. त्यातही खोच होती : ते यंत्र एएसी स्वरूपाच्या फाइली वाजवी, त्या काळी घरोघरी साठलेल्या एमपी-थ्री वाजवत नसे. परंतु त्यात एक गोष्ट अशी होती जी सामान्य संगीतयंत्रात क्वचितच आढळे. चालू गाण्याचा वेग आणि त्याची पट्टी या दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्रपणे बदलता येत. पट्टी तीच ठेवून गाणे संथ करावे, किंवा वेग तोच ठेवून सूर खाली आणावेत. शिवाय गाणे चालू असताना कळा दाबून त्यावर निरनिराळे आवाज टाकता येत आणि स्वतःचा दहा सेकंदांपर्यंतचा आवाज मुद्रित करून त्याची मोडतोडही करता येई. खेळयंत्र बनवणाऱ्यांना गाणेसुद्धा खेळण्याजोगे वाटले, एवढाच याचा अर्थ. पण गाणे शिकणाऱ्याला विचारून पाहा. अवघड जागा संथ करून पुन्हा पुन्हा ऐकता येणे ही त्याच्यासाठी करमणुकीपलीकडची गोष्ट असते.

येथे माझ्या अध्यापनातला एक अनुभव सांगतो. एम.ए.च्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याकडे थोरल्या भावाकडून आलेला पीएसपी होता. चकत्या भावाबरोबर गेल्या, यंत्र तेवढे याच्याकडे राहिले. त्याने मेमरी स्टिकवर आपल्या गावच्या भजनी मंडळाचे मोबाइलवर मुद्रित केलेले अभंग भरले होते. बसमध्ये येता-जाता तेच पाच-सहा अभंग तो ऐकत असे, कारण बाकी काही त्यात नव्हतेच. एका चर्चासत्रात त्याने असे निरीक्षण मांडले की छापील गाथेत जो चरण एकदा येतो तो मंडळी किती वेळा आणि कोठे घोळतात, मध्येच दुसऱ्याच संताचा चरण कसा आणून जोडतात, आणि त्यामुळे अभंगाचा भर वेगळ्याच शब्दावर कसा जातो. संहिताभेदाची चर्चा आम्ही हस्तलिखितांच्या आधारे करत होतो, तो ती कानाने करत होता. हे श्रेय खेळयंत्राचे आहे असे मी म्हणणार नाही. पण थोडकीच गाणी, ती पुन्हा पुन्हा ऐकणे, मध्ये कोणाचा फोन नाही, संदेश नाही, ‘आता हे ऐका’ अशी सूचना नाही, ही परिस्थिती त्या यंत्राने त्याला दिली, हे निश्चित.

या परिस्थितीचे मोल आज अधिक जाणवते. पीएसपीचे उत्पादन आणि वितरण २०१४मध्ये थांबले, त्याचा वारस असलेल्या व्हिटाचे २०१९मध्ये आणि डीएसआयनंतरच्या थ्रीडीएसचे २०२०मध्ये. मे २०२२मध्ये ॲपलने आयपॉडही बंद केला. हे सगळे फोनने गिळले, असे आपण म्हणतो आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु गिळताना एक गोष्ट बदलली. मार्च २०१७मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचमध्ये आपली गाणी ऐकवणारे साधन दिलेलेच नव्हते. उलट ऑक्टोबर २०२४मध्ये कंपनीने ‘निन्टेंडो म्युझिक’ नावाचे ॲप आणले. ते फोनवर चालते, त्यात कंपनीच्याच खेळांमधले संगीत असते आणि ते ऐकण्यासाठी कंपनीचे वर्गणीदार असावे लागते. पूर्वी आपले गाणे त्यांच्या यंत्रात जात होते. आता त्यांचे गाणे वर्गणीच्या अटीवर आपल्या यंत्रात येते. प्रवाहाची दिशा पूर्ण उलटली आहे, आणि सोयीच्या नावाखाली ती उलटली आहे.

मी जुन्या वस्तूंचा भक्त नाही. पीएसपीच्या बॅटऱ्या आता फुगतात आणि ३२ मेगाबाइटच्या टंचाईला साधना म्हणण्यात अर्थ नाही. वर्गणीवर मिळणाऱ्या अफाट संगीतसंग्रहामुळे कितीतरी श्रोत्यांपर्यंत कितीतरी दुर्मीळ गाणे पोहोचले, हेही मान्य केले पाहिजे. माझा मुद्दा मालकीचा आहे. फाइल आपल्याजवळ असते तेव्हा ती कोणत्या यंत्रात, किती वेळा, कोणत्या वेगाने ऐकायची हे आपण ठरवतो. ती खेळयंत्रात घालता येते, दुसऱ्याला देता येते, कापून तपासता येते. गाणे केवळ प्रवाहाच्या रूपाने आपल्यापर्यंत येते तेव्हा यातले काहीच आपल्या हाती उरत नाही. ते ज्या ॲपमध्ये आहे त्यातच आणि ते असेपर्यंतच ऐकायचे. वाचकाला संहितेवर खुणा करता येणार नाहीत, समास रिकामा ठेवावा लागेल, पुस्तक घराबाहेर नेता येणार नाही, अशा अटी कोणी घातल्या तर साहित्याचा शिक्षक स्वस्थ बसेल का? मग ऐकण्याच्या बाबतीत तो स्वस्थ का?

हा प्रश्न मराठी विभागांना थेट लागू आहे. मौखिक साहित्य आपल्या अभ्यासक्रमात आहे, पण ते आपण छापील पानावरून शिकवतो. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांच्या प्रयत्नांतून गोळा झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होत गेला आणि त्यांतल्या अनेक ओव्या बायांच्या आवाजात ऐकता येतात. ओवी वाचणे आणि ऐकणे यांत किती अंतर आहे, हे तेथे अर्धा तास घालवला तरी ध्यानात येते. असे कार्य थोर आहे आणि तुरळकही आहे. आपल्या महाविद्यालयांत क्षेत्रभेटींतून विद्यार्थ्यांनी मुद्रित केलेल्या ओव्या, भारुडे, लोककथा असतात. त्यांचे पुढे काय होते? प्रकल्पाचे गुण दिले जातात, सीडी वहीला चिकटवली जाते आणि वही कपाटात जाते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्यांनी गायले-सांगितले त्यांची संमती घेऊन आणि हक्कांचे भान ठेवून, प्रत्येक विभागाने आपला हा संग्रह सर्वसामान्य स्वरूपाच्या फाइलींत विद्यार्थ्यांना द्यावा. ॲप नको, परवलीचा शब्द नको, वर्गणी नको. कोणत्याही यंत्रात उतरवता येईल अशी फाइल आणि तिच्यासोबत गाणारणीचे नाव, गाव, दिनांक. ती विद्यार्थी लॅपटॉपवर ऐकेल, साध्या फोनवर ऐकेल, नाहीतर भावाच्या जुन्या खेळयंत्रावर ऐकेल. कशावर ऐकली हा प्रश्न आपला नाही. पुढच्या तासाला ‘काय ऐकलेस?’ एवढे विचारण्याची तयारी मात्र आपण ठेवली पाहिजे.